करोना : एका नांवाची जन्मकथा



गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. पन्हाळ्यावर तीन दरवाजापाशीं पावसाची सर ओसरण्याची वाट पाहत मी उभा होतों. शेजारच्या घरचा, सहावींत शिकणारा एक मुलगा बरोबर होता. बोलतां बोलतां त्यानें एकदम विचारलें, “गुरुजी, करोना म्हणजे मुकुट ना? मग एवढीं माणसें मारणाऱ्या रोगाच्या डोक्यावर मुकुट कुणीं घातला?”

तीस-पस्तीस वर्षें मीं प्राथमिक शाळेंत मुलांस शिकविलें. मुलांच्या प्रश्नांची मला सवय आहे. परंतु ह्या प्रश्नाचें उत्तर त्या क्षणीं मजजवळ नव्हतें. “सांगेन पुढें कधीं तरी,” असें म्हणून मीं वेळ मारून नेली. मी मॅट्रिकपलीकडे शिकलेला मनुष्य नव्हे. वैद्य नव्हे आणि शास्त्रज्ञ तर नव्हेच. तथापि त्या प्रश्नानें मला स्वस्थ बसूं दिलें नाहीं. मिळतील तीं पुस्तकें मीं वाचलीं, जाणत्यांस विचारलें. आणि मग असें आढळून आलें कीं, ह्या नांवाची कथा सातासमुद्रांपलीकडे सुरू होऊन आपल्या विजयदुर्गावरून, जेऊरवरून आणि जमखंडीवरून गेलेली आहे. तीच आज आपणांस सांगावयाची आहे.

नांव ही क्षुल्लक वस्तु नव्हे. मी ज्या गडावर राहतों त्याचेंच उदाहरण घ्या. जुन्या परंपरेंत ह्यास पन्नगालय, म्हणजे सर्पांचें घर, असें म्हटलेलें आहे. १६७३ सालीं शिवाजीमहाराजांनीं हा गड पुन्हां घेतला. त्या प्रसंगावर जयराम पिंड्ये या कवीनें जें संस्कृत काव्य रचलें, त्यांत ह्याचें नांव पर्णालपर्वत असें येतें. आपण म्हणतों पन्हाळा. डोंगर तोच, तट तेच. पण प्रत्येक नांवामागें पाहणाराची दृष्टि निराळी. रोगांच्या नांवांचेंहि असेंच असतें. त्यांत रोगापेक्षां नांव ठेवणारा मनुष्यच अधिक दिसतो.

आतां मूळ शब्दाकडे वळूं. ‘कोरोना’ हा शब्द लॅटिन भाषेंतील. तो तेथें ग्रीक भाषेंतून आला. मूळ अर्थ वांकविलेली, वळविलेली वस्तु. त्यावरून डोक्याभोंवतीं गुंडाळावयाची फुलापानांची माळ. सोन्याचा रत्नजडित मुकुट हा अर्थ मागाहूनचा. प्राचीन रोमन लोकांत पराक्रमी पुरुषांस अशा माळा अर्पण करीत. रणांगणावर आपल्या देशबांधवाचा प्राण वांचविणारास ओक वृक्षाच्या पानांची माळ मिळे. पण सर्वांत दुर्मिळ आणि सर्वांत मानाची माळ कशाची असे? सोन्याची नव्हे, साध्या गवताची! शत्रूच्या वेढ्यांत सांपडलेल्या सैन्यास जो सोडवी, त्याला त्या सुटलेल्या लोकांनीं तेथल्याच भूमींतलें गवत उपटून, त्याची माळ करून ती अर्पण करावयाची, असा त्यांचा रिवाज होता. ही गवताची माळ कृपा करून ध्यानांत ठेवावी. शेवटीं तिजकडे पुन्हां यावयाचें आहे.

आपल्याकडे कोणी ‘करोना’ लिहितात, कोणी ‘कोरोना’. परकी शब्द आपल्या जिभेवर येतांना थोडा वळणारच. तेव्हां त्याबद्दल वाद घालण्याचें कारण नाहीं. खरी मौज पुढेंच आहे. कारण ह्या विषाणूस जें नांव मिळालें, तें राजाच्या मुकुटावरून मिळालेलें नाहीं. तें मिळालें सूर्यावरून.

सूर्यबिंबाभोंवतीं एक अत्यंत विरळ, मोत्यासारखें पांढरें तेजोवलय सदैव असतें. परंतु तें सूर्यबिंबापेक्षां सुमारें दहा लक्ष पटींनीं मंद असल्यामुळें एऱ्हवीं आपल्या दृष्टीस पडत नाहीं. खग्रास ग्रहणांत चंद्र सूर्यास पुरता झांकतो, आणि मग काळ्या बिंबाभोंवतीं तें वलय पाकळ्यांप्रमाणें फांकलेलें दिसूं लागतें. १८०६ सालीं अमेरिकेंत झालेलें खग्रास ग्रहण पाहून फेरेर नांवाच्या एका स्पॅनिश ज्योतिर्विदानें त्यास ‘कोरोना’ हा शब्द योजिला. आपल्या मराठी ग्रंथकारांनीं त्यास ‘किरीट’ म्हटलें आहे. कंकणाकृति ग्रहणांत तें दिसत नाहीं, खंडग्रासांत तर नाहींच. केवळ खग्रासाच्या त्या दोनचार मिनिटांत सूर्य आपला किरीट दाखवितो.

हा किरीट पाहण्याचें भाग्य आपल्या भूमीस एकोणिसाव्या शतकांत एकाहून अधिक वेळां लाभलें. त्यांतला एक प्रसंग १८ ऑगस्ट १८६८ चा. त्या दिवशीं सकाळच्या प्रहरीं चंद्राची छाया पश्चिम किनाऱ्यावरून चढून विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण या मार्गानें बंगालच्या उपसागरावर गेली. गुंटूर येथें फ्रान्सचे जान्सेन हे शास्त्रज्ञ येऊन बसले होते. आमच्या दक्षिणी संस्थानांपैकीं पटवर्धनांच्या जमखंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून होते. हे हर्शेल ज्या घराण्यांतले, त्यांतील आजोबांनीं युरेनस ग्रह शोधून काढला होता. जमखंडीचें आकाश त्या दिवशीं ढगाळ. तरी ढगांच्या फटींतून त्यांनीं सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिलाच.

त्याच छायेच्या पट्ट्यांत कोल्हापूर आणि आमचा पन्हाळाहि होता. त्या वेळीं कोल्हापुरांत छत्रपति दुसरे राजाराममहाराज यांची कारकीर्द होती. ऑगस्टांत पन्हाळ्यावर ढग आणि धुकें यांचें राज्य असतें. तेव्हां गडावरील लोकांस किरीट दिसला असेल किंवा नसेल. परंतु भर सकाळीं काळोख दाटून आला असेल आणि पांखरें घरट्यांकडे फिरलीं असतील, एवढी कल्पना आपण करूं शकतों.

ह्याच ग्रहणाच्या निमित्तानें सूर्याच्या वर्णपटांतील एका पिवळ्या रेषेकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें. ग्रहण नसतांनाहि सूर्यकडेच्या ज्वाला पाहतां येतात हें गुंटुरास जान्सेन यांनीं आणि त्यानंतर दोन महिन्यांनीं इंग्लंडांत नॉर्मन लॉक्यर यांनीं स्वतंत्रपणें दाखविलें. त्या पिवळ्या रेषेचा धनी असलेलें मूलद्रव्य पृथ्वीवर कोणास ठाऊक नव्हतें. म्हणून सूर्याच्या ग्रीक नांवावरून त्यास हेलियम म्हणूं लागले. हेलियमचा शोध १८६८ सालीं लॉक्यर यांनीं विजयदुर्गावर लावला, असें आपल्याकडे पुष्कळदां सांगण्यांत येतें. अभिमानाची गोष्ट असली तरी ती तशी नाहीं. १८६८ सालीं लॉक्यर इंग्लंडांतच होते. ते विजयदुर्गास आले ते तीस वर्षांनीं, १८९८ सालीं. शिक्षकाच्या जातीस चूक दिसली कीं लाल शाईचा मोह होतो. याबद्दल कोंकणांतील मित्रांनीं राग मानूं नये.

कारण १८९८ चा प्रसंग काय कमी थोर आहे? त्या वर्षाच्या २२ जानेवारीस दुपारीं विजयदुर्गापाशीं चंद्राची छाया किनाऱ्यावर चढली, सह्याद्रि ओलांडून सोलापूर जिल्ह्यांतील जेऊरवरून ईशान्येस बक्सरकडे गेली. विजयदुर्ग किल्ल्यावर लॉक्यर यांनीं दुर्बिणी मांडल्या. आरमारी जहाजावरील खलाश्यांस त्यांनीं निरीक्षणाचें शिक्षण देऊन मदतीस घेतलें होतें. त्यांच्या उपकरणांसाठीं बांधलेले चौथरे अद्यापि दाखवितात. लोक त्यांस ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. जेऊरच्या माळावर अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल होते; आणि त्याच जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हेहि आपली मंडळी घेऊन आले होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून पुण्यास उभारलेल्या तख्तसिंहजी वेधशाळेचे ते प्रमुख. परदेशांतील नामांकित पंडितांच्या शेजारीं एका हिंदी प्राध्यापकानें तितक्याच तोलाची दुर्बीण रोंवून सूर्याचा किरीट टिपावा, आणि त्याचा विस्तृत अहवाल छापून प्रसिद्ध करावा, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत यावयास हवी होती.

आतां ज्या काळांत हें घडलें तो काळ ध्यानांत आणा. १८९६ च्या पावसाळ्याअखेरीस मुंबईंत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ सुरू झालेली. पुणें तिच्या तडाख्यांत सांपडलेलें. फेब्रुवारी १८९७ मध्यें सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला. त्या कायद्याखालीं घरझडत्या झाल्या, लोकांस छावण्यांत नेलें, आणि त्याच संतापांतून जून १८९७ मध्यें रँडचा वध झाला. त्यानंतर अवघ्या सात महिन्यांनीं, साथ चालूच असतां, ह्याच मुलुखांत लोक मान वर करून सूर्याचा ‘कोरोना’ पाहत होते. आणि मार्च २०२० मध्यें दुसऱ्या करोनासाठीं महाराष्ट्र सरकारनें जो कायदा लागू केला, तो हाच १८९७ चा कायदा! इतिहासाला कधीं कधीं एकाच खुंटीवर दोन वस्त्रें टांगण्याची संवय असते.

सूर्याच्या किरीटाची आणखी एक गोष्ट सांगतों, कारण ती नांव ठेवण्याच्या घाईविषयीं आहे. १८६९ सालच्या ग्रहणांत किरीटाच्या वर्णपटांत एक हिरवी रेषा आढळली. ती कोणत्याहि ज्ञात द्रव्याशीं जुळेना. हेलियमचें उदाहरण समोर होतेंच. तेव्हां शास्त्रज्ञांनीं ‘कोरोनियम’ नांवाचें एक नवें मूलद्रव्य मानून टाकलें. सत्तर वर्षें हें नांव चाललें. अखेर १९४० च्या सुमारास ग्रोट्रियन आणि एडलेन यांच्या संशोधनानें निश्चित झालें कीं, ती रेषा आपल्या साध्या लोखंडाचीच आहे. मात्र दहा लक्ष अंशांहून अधिक उष्णतेंत ज्याचे तेरा इलेक्ट्रॉन झडून गेले आहेत, अशा लोखंडाची. नांव होतें, पण नांवाचा धनीच नव्हता. शहाण्यांकडूनहि असें होतें. मग आमच्यासारख्यांची काय कथा!

असो. आतां सूर्यावरून खालीं येऊन अत्यंत सूक्ष्म सृष्टींत उतरूं. १९३१ सालीं अमेरिकेंतील उत्तर डाकोटा प्रांतांत कोंबड्यांच्या पिलांमध्यें श्वासनलिकेचा एक सांसर्गिक रोग आढळला. पुढें तो विषाणुजन्य असल्याचें ठरलें. १९५१ सालीं उंदरांचें यकृत बिघडविणाऱ्या दुसऱ्या एका विषाणूचें वर्णन प्रसिद्ध झालें. कोंबडीचा रोग पशुवैद्यांकडे, उंदराचा रोग प्रयोगशाळेकडे. ह्या दोहोंचें कांहीं नातें असेल असें कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत सॉल्झबरीजवळ केवळ सर्दीपडशाचा अभ्यास करण्यासाठीं एक संस्था निघाली. तेथें धडधाकट लोक स्वखुशीनें जाऊन राहत, नाकांत सर्दीच्या स्रावाचे थेंब घालून घेत आणि शिंका मोजून देत. डेव्हिड टिरेल हे तेथील प्रमुख. एका शाळकरी मुलाच्या सर्दींतून घेतलेला एक नमुना, त्यास क्रमांक बी-८१४ दिलेला होता, नेहमींच्या कोणत्याहि पेशींत वाढेना. तेव्हां स्वीडनच्या हूर्न यांच्या पद्धतीनें श्वासनलिकेच्या आंतील त्वचेचे तुकडे जिवंत ठेवून त्यांवर तो वाढविला. १९६५ सालीं टिरेल आणि बायनो यांनीं हें प्रसिद्ध केलें. तिकडे शिकागोस डोरोथी हॅम्रे यांना वैद्यकीच्या विद्यार्थ्यांच्या सर्दींत असाच एक नवा विषाणु सांपडला होता. पण हे विषाणु दिसतात कसे, हें कोणीं पाहिलेलें नव्हतें.

तें पाहिलें एका बाईनें, आणि ह्या बाईंविषयीं बोलतांना मला विशेष आनंद होतो. जून आल्मेडा हें त्यांचें नांव. जन्म १९३० चा, ग्लासगो शहरांतला. वडील बसचालक. मुलगी हुशार, पण विद्यापीठांत पाठविण्यास घरांत पैसा नाहीं, म्हणून सोळाव्या वर्षीं शाळा सुटली. ग्लासगोच्या रुग्णालयांतील प्रयोगशाळेंत त्या साध्या सहायक म्हणून कामास लागल्या. पुढें लंडन, मग विवाहानंतर कॅनडा. तेथें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर त्यांचा हात असा बसला कीं, १९६४ सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयाच्या वैद्यक महाविद्यालयानें त्यांना बोलावून घेतलें. विषाणूंची चित्रें घेणें त्या काळीं फार कठीण. कारण इकडेतिकडे विखुरलेले कण ओळखावयाचे कसे? आल्मेडाबाईंनीं रोगातून उठलेल्या प्राण्याच्या रक्तांतील प्रतिद्रव्यें वापरलीं; तीं विषाणूंस चिकटून त्यांचे पुंजके करतात, आणि मग ते डोळ्यांस सांपडतात.

टिरेल यांनीं थोड्याशा साशंकतेनेंच आपले नमुने त्यांच्याकडे पाठविले. बाईंनीं चित्रें काढलीं आणि सांगितलें कीं, असे कण आपण पूर्वींहि पाहिले आहेत. कोंबड्यांच्या त्या जुन्या रोगांत आणि उंदरांच्या यकृताच्या रोगांत. पूर्वीं त्यांनीं तशी चित्रें एका नियतकालिकाकडे पाठविलीं असतां, हीं इन्फ्लुएंझाच्या विषाणूचींच वाईट निघालेलीं चित्रें आहेत, असा शेरा मारून परीक्षकांनीं लेख परत केला होता! आतां माणूस, कोंबडी आणि उंदीर ह्या तिघांचे विषाणु एका कुळांतले ठरले. गोल कण, आणि त्याभोंवतीं देंठावर उभ्या असलेल्या पाकळ्यांसारखी झालर. कणाचा व्यास सुमारें शंभर नॅनोमीटर. एका केंसाच्या जाडींत असे आठशें कण ओळीनें बसतील.

ह्या नव्या कुळास नांव हवें होतें. आठ शास्त्रज्ञांनीं मिळून तें सुचविलें. त्यांत आल्मेडा, टिरेल, हॅम्रे हे होते. नोव्हेंबर १९६८ मध्यें ‘नेचर’ ह्या साप्ताहिकांत छोटेंसें टिपण प्रसिद्ध झालें. ती झालर पाहून सूर्याच्या किरीटाची आठवण होते, म्हणून ‘कोरोनाव्हायरस’ असें त्यांत म्हटलें होतें. जमखंडीच्या ढगांआडून हर्शेल यांनीं ग्रहण पाहिलें त्यास तेव्हां बरोबर शंभर वर्षें झालीं होतीं. पुढें आल्मेडाबाईंनीं अनेक विषाणूंचीं चित्रें टिपलीं, प्रकाशित संशोधनाच्या बळावर विज्ञानांतील उच्च पदवी मिळविली, आणि निवृत्तीनंतर चक्क योगासनें शिकविलीं! २००७ सालीं त्या वारल्या. आपण ठेवलेलें नांव पुढें पृथ्वीवरील प्रत्येक घरांत पोंचणार आहे, हें त्यांना कळलें नाहीं.

त्यानंतर पुष्कळ वर्षें ह्या कुळाची कोणीं फारशी दखल घेतली नाहीं. कारण माणसांत त्यामुळें साधें पडसें होई, एवढीच त्याची कीर्ति. २००२-०३ सालीं सार्स आला, तेव्हां जग दचकलें. सुमारें आठ हजार लोक आजारी पडले, त्यांतले ७७४ दगावले. २०१२ सालीं अरबस्तानांत मर्स आढळला. आणि २०१९ च्या अखेरीस चीनमधील वुहान शहरांतून ती बातमी आली, जिच्यापुढें मागील सर्व बातम्या फिक्या पडल्या. ३० जानेवारी २०२० रोजीं भारतांतील पहिला रुग्ण केरळांत आढळला. त्याच्या घशांतील स्रावांतून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेनें ह्या विषाणूचें चित्र टिपलें. १९५२ सालीं स्थापन झालेल्या त्या संस्थेच्या सूक्ष्मदर्शकाखालीं पंचाहत्तर नॅनोमीटरांचा एक कण दिसला, आणि त्याभोंवतीं तीच झालर. मार्चमध्यें पुण्यास महाराष्ट्रांतील पहिले रुग्ण सांपडले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सारा देश दाराआड गेला. पुढचें आपण सर्वांनीं भोगलेलें आहे. मे २०२३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें, तोंवर जगांत सुमारें सत्तर लक्ष मृत्यूंची नोंद झाली होती. त्यांतले जवळ जवळ दीड लक्ष आपल्या महाराष्ट्रांतले.

ह्या रोगास नांव देतांना मात्र संघटनेनें एक विवेक पाळला. २०१५ सालींच तिनें नियम केला होता कीं, नव्या रोगाच्या नांवांत गांव, देश, व्यक्ति, प्राणी किंवा धंदा यांचा उल्लेख असूं नये. म्हणून ११ फेब्रुवारी २०२० रोजीं जें नांव जाहीर झालें तें रूक्ष, पण निरुपद्रवी होतें : कोविड-१९. करोनाचें ‘को’, व्हायरसचें ‘वि’, रोगवाचक इंग्रजी शब्दाचें ‘ड’, आणि वर्ष एकोणीस.

हा नियम कां करावा लागला, हें १९१८ च्या साथीवरून कळतें. त्या वेळीं महायुद्ध चालू होतें. लढणाऱ्या राष्ट्रांनीं आपल्या वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप लावलेलें. स्पेन तटस्थ; तेथील पत्रें खरें तें छापीत, आणि राजा आजारी पडला तेंहि छापलें. परिणाम काय, तर ज्यानें खरें सांगितलें त्याच्याच नांवानें रोग ओळखला जाऊं लागला : ‘स्पॅनिश इन्फ्लुएंझा’! आपल्या लोकांनीं त्याच साथीस ‘मानमोडी’ म्हटलें. आपलें नांव मला अधिक न्यायाचें वाटतें. तें कोणा देशास दोष देत नाहीं. रोग मनुष्याचें काय करतो एवढेंच सांगतें. आपल्या पूर्वजांनीं भीतीपोटीं एका रोगास ‘देवी’ म्हटलें, दुसऱ्यापायीं मरीआईचीं ठाणीं मांडलीं. परंतु रोग्याच्या गांवावरून वा जातीवरून ह्या साथींस नांव दिलें नाहीं.

हें सर्व मी आज शहाणपणानें सांगतों आहें. पण मे २०२० मध्यें हें शहाणपण मजजवळ नव्हतें, हेंहि सांगितलें पाहिजे. तेव्हां मी गडाखालच्या एका गांवीं राहत होतों. मुंबई-पुण्याकडून माणसें गांवीं परत येत होतीं, आणि त्यांना चौदा दिवस शाळेंत ठेवीत. गांवच्या दक्षता समितींत निवृत्त शिक्षक म्हणून मलाहि घेतलें होतें. कोणी चुकून आंत शिरूं नये म्हणून मीं हातीं खडू घेतला, आणि ज्या वर्गांत मीं स्वतः बाराखडी शिकविली त्याच वर्गाच्या दारावर वळणदार अक्षरांत लिहिलें : ‘करोना खोली’.

त्या खोलींत माझाच एक जुना विद्यार्थी, त्याची बायको आणि पांच वर्षांचा मुलगा उतरले होते. तिघांनाहि कांहींएक झालेलें नव्हतें. मी फाटकाबाहेरून डबा ठेवून लगबगीनें मागें सरे. एके दिवशीं तो म्हणाला, “गुरुजी, तुमी तरी जरा थांबून बोला की.” मीं ऐकलें न ऐकल्यासारखें केलें. आंतून तो लहानगा दारावरील अक्षरें लावीत होता. नुकताच वाचूं लागला होता बिचारा. त्यानें बापास विचारलें, “बाबा, आपलं नांव करोना हाय?”

चौदा दिवस संपले. तीं माणसें सुखरूप आपल्या घरीं गेलीं. अक्षरें मींच पुसलीं. पण खडूचीं अक्षरें पुसलीं म्हणून नांव पुसलें जात नाहीं. शाळा पुन्हां भरूं लागल्यावर तो मुलगा त्याच शाळेंत जाऊं लागला, आणि कित्येक महिने सोबतीं त्याला त्याच नांवानें हांक मारीत. त्यांना तें नांव कोणीं शिकविलें? मीं. शिक्षकानें आयुष्यांत हजारों शब्द मुलांस दिलेले असतात. त्यांतला हा एक शब्द मला परत घेतां आला असता तर किती बरें झालें असतें! त्याच्या बापापाशीं मीं पुढें क्षमा मागितली. तो हंसून म्हणाला, “जाऊं द्या गुरुजी, सगळेच भ्याले हुते.” त्याचें तें बोलणें खरें होतें; पण त्यानें माझा दोष कमी होत नाहीं.

आणि ह्या भीतीवरून मला दुसरा एक दिवस आठवतो. १६ फेब्रुवारी १९८०. त्या दिवशीं कारवारच्या बाजूनें खग्रास ग्रहणाची छाया गेली. आमच्याकडे तें खंडग्रास, पण बरेंच मोठें होतें. मी तेव्हां विशीच्या घरांत. घरच्या वडील माणसांनीं दारें-खिडक्या लावल्या, रस्ते ओस पडले, आणि मीहि पांघरूण घेऊन आंत बसलों. चारपांच तासांच्या प्रवासावर सूर्य आपला किरीट दाखवीत होता, आणि मला तो पाहावयास जावें असें वाटलेंहि नाहीं. चाळीस वर्षांनीं पुन्हां तसेच ओस रस्ते पाहिले. पहिली भीति निराधार होती, दुसरी साधार होती, हा मोठा भेद आहेच. दुसऱ्या वेळीं दार लावणें हेंच कर्तव्य होतें. परंतु दार लावणें निराळें आणि माणसाच्या कपाळीं नांव लिहिणें निराळें. पहिलें शास्त्र आहे, दुसरें केवळ भय आहे. हा भेद मला त्या दिवशीं कळला नाहीं.

आतां त्या गवताच्या माळेकडे येतों. १६६० सालीं सिद्दी जौहरानें ह्याच पन्हाळ्यास चार महिने वेढा घातला होता. त्या वेढ्यांतून महाराज सुटले. पण त्यासाठीं कोणी प्राण दिले, हें आपणांस मीं सांगावयास नको. २०२० चा वेढा त्याहून दीर्घ होता. त्या वेढ्यांत घरोघर फिरून ताप मोजणाऱ्या आशाताई, रात्रंदिवस जागणाऱ्या परिचारिका, स्मशानांत परक्यांच्या प्रेतांस अग्नि देणारीं माणसें, पुण्याच्या प्रयोगशाळांत लशीसाठीं राबणारे लोक, ह्यांनीं आपणांस सोडविलें. रोमन रिवाजाप्रमाणें पाहतां खरा ‘कोरोना’, ती गवताची माळ, ह्यांच्या मस्तकावर शोभावयाची.

तेव्हां त्या मुलास उत्तर देतां येईल तें असें. बाळ, रोगाच्या डोक्यावर कोणीं मुकुट घातला नाहीं. जिची शाळा सोळाव्या वर्षीं सुटली अशा एका बाईनें व तिच्या सोबत्यांनीं एका सूक्ष्म कणाकडे नीट पाहिलें, त्यांना तेथें ग्रहणांतल्या सूर्याची आठवण झाली, आणि त्यांनीं तें नांव ठेवलें. त्यांत भय नव्हतें, कोणाचा द्वेष नव्हता. नुसतें पाहणें होतें. आधीं नीट पाहावें आणि मग नांव ठेवावें, एवढें जरी आपण ह्या शब्दापासून शिकलों, तरी पुष्कळ झालें.

पाऊस उघडला कीं मी त्याला पुन्हां तीन दरवाजाकडे घेऊन जाणार आहें. बरोबर आणखी एका मुलाला न्यावयाचें आहे. तो आतां अकरा वर्षांचा झाला आहे, आणि मी त्याला त्याच्या खऱ्या नांवानें हांक मारतों.